‘शाळेत नाही जायचं’ : नाटक म्हणण्याआधी काय तपासाल, कुठे दाद मागाल

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आणि पुन्हा दिवाळीची सुट्टी संपली की पालक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ‘सकाळी सातला पोट दुखायला लागतं, अकरा वाजेपर्यंत बरं होतं. रविवारी काहीच नाही. हे खरं दुखणं की नाटक?’ त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : ‘शाळेत जाऊन बोललो तर बाई मुलावरच राग काढतील का?’

पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. दुखणं बहुधा खरं असतं. भीतीनं पोटात कळ येते, मळमळतं, डोकं दुखतं. आज शाळेत जायचं नाही, एवढं कळलं की शरीर सैल पडतं आणि दुखणं थांबतं. म्हणून ‘अकराला कसं बरं झालं?’ असा उलटा जाब मुलाला विचारू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस शाळा भरावी लागते. मुलाच्या जागेपणीचे सगळ्यात चांगले तास तिथे जातात. त्या तासांत मूल भयमुक्त असणं ही शाळेची कायदेशीर जबाबदारी आहे. शाळेकडे ती मागताना तुम्ही उपकार मागत नसता.

‘का’ विचारू नका, दिवस विचारा

‘शाळेत का नको?’ या प्रश्नाला मूल ‘असंच’ म्हणतं. ते लपवत असतं असं नाही. अनेकदा त्यालाच नेमकं सांगता येत नाही. शिवाय या ‘का’मध्ये त्याला रागाचा वास येतो. त्याऐवजी कागद घ्या आणि त्याच्याबरोबर शाळेचा दिवस सकाळपासून क्रमानं मांडा. व्हॅन किंवा रिक्षा, फाटक, परिपाठ, पहिला तास, छोटी सुट्टी, शी-शूची जागा, मधली सुट्टी, डबा, खेळाचा तास, शेवटची घंटा, घरी परत. प्रत्येक जागेपुढे त्याला हसरा किंवा रडका चेहरा काढू द्या. सहा-सात वर्षांची मुलंही हे आवडीनं करतात आणि रडके चेहरे बहुधा दिवसाच्या एखाद-दुसऱ्या तुकड्यावर गोळा झालेले दिसतात. तुम्हाला शोधायचा आहे तो हाच तुकडा.

हे निजानीज व्हायच्या वेळी किंवा स्वयंपाकघरात काम करता करता करा. सकाळी दप्तर भरताना मुळीच नको. मूल काही सांगू लागलं की मध्ये तोडू नका. ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्नही त्या दिवशी टाळा, कारण त्यात ‘तूच काहीतरी करायला हवं होतंस’ असा सूर मुलाला ऐकू येतो. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच पुरे. मोठ्या मुलांशी, विशेषतः आठवीच्या पुढच्या, समोर बसवून बोलण्यापेक्षा गाडीवरून जाताना किंवा चालताना बोलणं सोपं जातं.

आठवडाभर काही खुणांवरही लक्ष ठेवा :

- पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. अनेक मुली शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं किंवा कडी लागत नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. पोटदुखीचं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचं कारण इथेच सापडू शकतं.
- डबा रिकामा, पण मूल घरी येऊन भुकेलं. कोणीतरी डबा घेतंय का, याची हळूच चौकशी करा.
- पेन्सिली, कंपास, वह्या वारंवार हरवतात किंवा फाटतात. चिडवणं आणि दांडगाई यांची ही जुनी खूण आहे.
- दुखणं ठरावीक वारीच येतं. वेळापत्रक काढून त्या दिवशी कोणता तास असतो ते पाहा. कधी तो गणिताचा निघतो, तर कधी खेळाचा.
- तोंडी सगळं येतं, पण वही लालेलाल. अक्षरं उलटसुलट होतात, वाचताना ओळ सुटते, फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं असतं. इथे अभ्यास जास्त घेऊन उपयोग नाही, तपासणी हवी.
- व्हॅन किंवा रिक्षा बदलल्यापासून सुरू झालं. वाटही शाळेचाच भाग असते आणि चौकशीत नेमकी तीच राहून जाते.

पाचवी किंवा आठवीत शाळा बदलली, माध्यम बदललं, घरात आजारपण किंवा भांडण झालं, जिवलग मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली, अशा वेळीही हे सुरू होतं. मग शाळेत दोषी शोधत बसू नका. तिथे शाळेची मदत लागते, तक्रार लागत नाही.

आधी डोळे आणि कान, मग बाकीचं

बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि डोळे-कान तपासून घ्या. चष्मा लागला आहे हे न कळल्यामुळे ‘ढ’ ठरलेली मुलं आजही वर्गावर्गात आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. पथक केव्हा येणार आहे ते मुख्याध्यापकांना विचारा.

लेखन-वाचनाची अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी लागते. साधारण आठव्या वर्षाआधी पक्कं निदान सहसा करत नाहीत, पण मदत त्याआधीच सुरू करता येते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अनेक पालक ही धावपळ दहावीच्या दिवाळीत सुरू करतात. मुलाला प्रमाणपत्राचा शिक्का बसेल ही भीती त्यामागे असते. मला ती पटत नाही. मुलावर ‘आळशी’ हा शिक्का आधीच बसलेला असतो आणि तो पुसायला हाच कागद उपयोगी पडतो.

भीती, रडणं, झोप न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ गाठा. गावात कोणी नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मुलाच्या तोंडी मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर ती धमकी समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका.

घरी ठेवायचं की पाठवायचं?

इथे दोन प्रकार वेगळे करावेच लागतात.

शाळेत किंवा वाटेत कोणी मारलं, छळलं, नको तिथे हात लावला अशी शंका असेल, तर ती व्यक्ती मुलापासून दूर केल्याची खात्री होईपर्यंत मुलाला पाठवू नका. यावर कुणाचंही दडपण घेऊ नका.

कारण भीतीचं, सवय मोडल्याचं किंवा अभ्यास मागे पडल्याचं असेल, तर उलट करा. घरी राहिल्याचा प्रत्येक दिवस उद्याचं फाटक आणखी उंच करतो. तीन दिवसांची सुट्टी पुढे तीन आठवड्यांवर जाते, वह्या अपूर्ण राहतात आणि मग त्याचीही लाज वाटू लागते. म्हणून शाळेशी बोलून परतीची वाट ठरवून घ्या :

- पहिले काही दिवस मधल्या सुट्टीपर्यंत किंवा मुलाला सोपा वाटतो त्या तासापासून शाळा.
- फाटकावर रोज एकाच व्यक्तीनं त्याला आत घ्यायचं. वर्गशिक्षिका, शिपाईमावशी, ग्रंथालयातल्या ताई, कुणीही चालेल, पण रोज तीच.
- निरोप थोडक्यात. फाटकाबाहेर उभं राहून खिडकीतून हात हलवत राहिलात, तर रडणं लांबतं.
- वर्गात जीव घाबरला तर कुठे जाऊन दहा मिनिटं बसायचं ती जागा आधीच ठरलेली हवी.
- बुडालेला अभ्यास एकदम पुरा करायला लावू नये. वर्गशिक्षकांकडून आवश्यक तेवढाच मागून घ्या.
- ज्या दिवशी मूल घरी राहील, त्या दिवशी शाळेच्या वेळात टीव्ही आणि मोबाइल बंद. ही शिक्षा नाही हे त्याला सांगा.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना हे सगळं नीट समजावून सांगा. आई पाठवते आणि आजी ‘राहू दे आजच्या दिवस’ म्हणते, अशा घरात मुलाची ओढाताण होते.

शाळेशी बोलताना

पहिली भेट वर्गशिक्षकांची घ्या, तीही वेळ मागून. शाळा सुटताना फाटकावर पन्नास पालकांसमोर कुणाही शिक्षिकेला विचारलं, तरी ती बचावाचाच पवित्रा घेणार. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच लिहू नका. तिथे तुमच्या मुलाची गोष्ट शंभर घरांत जाते आणि परत घेता येत नाही. दुसऱ्या मुलानं त्रास दिला असेल तर त्या मुलाला गाठून दम देऊ नका. बोलायचं ते शाळेमार्फत.

‘तुमच्या शाळेत लक्षच नसतं’ या वाक्यानं सुरुवात झाली की भेट तिथेच संपते. जे घडलं ते तारखेसह सांगा आणि नेमकं काय हवं ते मागा : जागा बदलून द्या, मधल्या सुट्टीत कोणीतरी मोठं माणूस मैदानात असू द्या, फळ्याजवळ बसवा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. बरेच शिक्षक मनापासून मदत करतात. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. तुमच्या वर्गात साठ मुलं असतील तर बाईंना तुमचं मूल दिसत नाही यात त्यांचा एकटीचा दोष नाही, आणि ती तक्रार तुम्ही दोघांनी मिळूनही करू शकता.

आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. मजकूर साधा असावा :

*‘माझी मुलगी इयत्ता चौथी, तुकडी ब मध्ये शिकते. दि. … रोजी मधल्या सुट्टीत तिच्याबाबत … असा प्रकार घडला. दि. … रोजी वर्गशिक्षकांशी बोलले. त्यानंतरही दि. … रोजी तेच घडले. त्यामुळे ती शाळेत येण्यास घाबरत आहे. कृपया चौकशी करून केलेली कार्यवाही मला दि. … पर्यंत लेखी कळवावी. या अर्जामुळे मुलीला वर्गात वेगळी वागणूक मिळणार नाही, याचीही काळजी घ्यावी.’*

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. अंगावर वळ असतील तर फोटो काढा आणि डॉक्टरांकडून लेखी घ्या. हे काम त्याच दिवशी करा, कारण वळ दोन दिवसांत जातात.

आता राग काढण्याची भीती. ती खोटी नाही. पण तोंडी कुरकुरीपेक्षा पोच घेतलेल्या अर्जानंतर शाळा जपून वागते, कारण पुढे काही घडलं तर तो अर्ज समोर येतो. एकट्यानं जाण्यापेक्षा त्याच वर्गातले दोन-तीन पालक बरोबर असतील तर अधिक बरं. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानुसार तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि तिथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सदस्य असतात. या सभांना अनेक जण सही करण्यापुरते जातात. स्वच्छतागृहाची कडी, पिण्याचं पाणी, मैदानावरची देखरेख हे विषय तिथेच मांडायचे असतात.

कायदा काय म्हणतो

- मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 17. छडी, कोंबडा करणं, तासन्‌तास उभं करणं, वर्गासमोर ‘ढ’ म्हणणं, शी-शूला न सोडणं, सगळं यात येतं. ‘चुकलं तर मारा’ अशी पालकांची परवानगी या कायद्यात कुठेही नाही.
- वरच्या वयाची मुलंही उघडी पडत नाहीत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना देणं हा बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 नुसार गुन्हा आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये ठरवलं, पण बाल न्याय अधिनियम तिथेही लागू होतो.
- काढून टाकता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत नापास करता येतं, पण आधी फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते.
- फीची थकबाकी हा मोठ्यांमधला प्रश्न आहे. त्यासाठी मुलाला वर्गासमोर उभं करणं किंवा बाहेर बसवणं हा मानसिक छळच.
- समुपदेशक मागा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ हवा. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायला हवं. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या करणंही टाळावं, असं त्याच सूचना सांगतात. शिकवणी वर्गांनाही त्या लागू आहेत.
- दप्तर आणि गृहपाठ. केंद्राच्या 2020 च्या धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवावं आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असं म्हटलं आहे. लहान मुलांच्या झोपेचा विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं 2024 मध्ये काढला. तुमच्या शाळेत याउलट चालत असेल तर सभेत विचारा.

शाळेनं ऐकलं नाही तर

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशा क्रमानं जा. माध्यमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), आणि मुंबईत शिक्षण निरीक्षक. खासगी शाळाही याच कार्यालयांच्या देखरेखीखाली येतात. ‘आम्ही खासगी आहोत’ हे उत्तर मान्य करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच जोडा.

लैंगिक छळाची शंका आली तर या पायऱ्या विसरा

इथे मुख्याध्यापकांच्या चौकशीची वाट पाहायची नसते. थेट पोलिसांकडे जा, 112 वर किंवा मुलांसाठीच्या 1098 वर फोन करा. पॉक्सो कायदा, 2012 नुसार असा प्रकार कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेनं ‘नाव खराब होईल’ म्हणून दाबलं तर तो शाळाप्रमुखांचा गुन्हा ठरतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, पोलिसांनी गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका; एकदा, शांतपणे, आणि मूल जे शब्द वापरेल तेच लिहून ठेवा. कपडे धुऊ नका.

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेबरोबरच तक्रार नोंदवायला लागलेल्या उशिरामुळेही. शाळांमध्ये तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असावी, असे शासनाचे आदेश त्याआधीपासूनच होते. तुमच्या शाळेत ही समिती आहे का, सदस्य कोण आणि पेटी कोण उघडतं, हे येत्या पालकसभेत विचारा.

शाळा बदलायची असेल तर

कधी कधी हाच योग्य निर्णय असतो. लेखी देऊनही काही हललं नाही, मुलाचं नाव वर्गात कायमचं पडलं आहे, शाळा मुलालाच दोष देते आहे, तर उगीच ताणू नका. मात्र भीतीचं कारण शोधल्याशिवाय शाळा बदलली तर तीच भीती नव्या वर्गातही येते, हे ध्यानात ठेवा. वाचता न येणारं मूल नव्या शाळेतही वाचू शकणार नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायला हवा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्षाच्या मध्यावरही प्रवेश मिळतो. शासनाच्या विद्यार्थी पोर्टलवरची मुलाची नोंद नव्या शाळेकडे गेल्याची खात्री करून घ्या, नाहीतर पुढे परीक्षेच्या अर्जात अडतं.

नवी शाळा पाहायला जाल तेव्हा निकालाचा फलक शेवटी पाहा. आधी मुलींचं स्वच्छतागृह पाहा आणि मधल्या सुट्टीत मैदानावर दहा मिनिटं उभे राहा. एकटं बसलेल्या मुलाकडे कोणी मोठं माणूस जातं का ते बघा. मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारा : ‘एखादं मूल शाळेत यायला घाबरत असेल तर तुम्ही काय करता?’ उत्तरात एखादी ठरलेली पद्धत, एखादी ठरलेली व्यक्ती ऐकू आली तर त्या शाळेचा विचार जरूर करा. ‘आमच्याकडे असं होतच नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा.